ग्रहणाची सहल : पर्वस्नानापासून लक्सरपर्यंत

एका ठिकाणी खग्रास सूर्यग्रहण सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा दिसते, असे गणित सांगते. गावात बसून वाट पाहायची म्हटले तर डझनभर पिढ्या खर्ची पडतील. ज्याला भरदिवसा झाकलेला सूर्य पाहायचा आहे, त्याने उठून सावलीच्या पट्ट्यात जावे हे बरे. पृथ्वीच्या मानाने हा पट्टा म्हणजे एक बारीक रेघ असते आणि तिच्यात मिळणारा काळ असतो मोजक्या मिनिटांचा. एवढ्या लांब जायचे ते दोन-चार मिनिटांसाठी, तर आजूबाजूचा मुलूखही पाहून यावा, या साध्या हिशेबातून जगभर एक प्रवासधंदा उभा राहिला आहे. ग्रहणाची तारीख मधोमध धरायची. आधी-नंतर मंदिरे, किल्ले, बाजार, खाणेपिणे लावायचे. सोबत एक टूर मॅनेजर आणि एक खगोल अभ्यासक द्यायचा.

बीडसारख्या जिल्ह्यातून या सहलीकडे पाहिले की काही प्रश्न उभे राहतात. ग्रहणासाठी प्रवास करणे आपल्याला खरोखर नवे आहे का? आजच्या सहलीत पाहणाऱ्याच्या आणि यजमान गावाच्या पदरात काय पडते? आणि ज्या जिल्ह्यावर पुढच्या कित्येक दशकांत खग्रास सावली पडणार नाही, त्याचा या सगळ्याशी संबंध काय?

आधी नदी, मग आकाश

ग्रहणासाठी घर सोडणे मराठी माणसाला मुळीच नवे नाही. ग्रहणाच्या पर्वकाळातल्या स्नानाचे, जपाचे, दानाचे पुण्य अनेकपट मानले गेले, त्यामुळे ग्रहण म्हटले की पावले पाण्याकडे वळत. उत्तरेत सूर्यग्रहणाच्या स्नानाचे मोठे क्षेत्र कुरुक्षेत्र, आपल्याकडे गोदावरी. बीड जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरीच आखते. गेवराई तालुक्यातले शनीचे राक्षसभुवन आणि महानुभावांचे पांचाळेश्वर ही दोन्ही ठिकाणे तिच्याच काठावर आहेत. अमावास्येला आणि पर्वाला बैलगाडीने, पुढे एसटीने नदी गाठणारा शेतकरी एका अर्थी ग्रहणाचा प्रवासीच होता. त्याचाही वाटाड्या असे. कोणत्या घाटावर उतरायचे, कोणता संकल्प सोडायचा, दान काय द्यायचे आणि मोक्ष, म्हणजे ग्रहण सुटणे, केव्हा, हे तीर्थोपाध्याय सांगत.

या प्रवासाचे कागदी नव्हे तर तांब्या-दगडाचे पुरावे आहेत. राष्ट्रकूट, चालुक्य, यादव यांच्या ताम्रपटांत आणि शिलालेखांत ग्रहणाच्या पर्वावर दिलेल्या जमिनींच्या नोंदी पुन्हा पुन्हा येतात. ग्रहणाची वेळ गणिताने मागे जाऊन काढता येते, म्हणून इतिहासकारांना राजांच्या कारकिर्दी पक्क्या करायला या नोंदींचा मोठा आधार झाला. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी रॉबर्ट स्यूएल यांच्यासोबत १८९६ साली भारतीय कालगणनेवर जो इंग्रजी ग्रंथ काढला, त्यात भारतातल्या सूर्यग्रहणांची कोष्टके जोडलेली आहेत ती याचसाठी. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाला मिळालेल्या देणगीची नोंद आहे, आणि ती १२०७ सालच्या श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाला दिलेली आहे. आजोबांचे ग्रहणगणित शिकवण्यासाठी काढलेल्या मठाला दान मिळाले, तेही ग्रहणाच्याच पर्वावर.

या परंपरेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ‘दे दान सुटे गिराण’ ही आरोळी मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. ती देत दारोदार फिरणे जातीने मांगांच्या वाट्याला आले होते. राहूशी त्यांचे नाते जोडायचे, त्यांना दान दिले की सूर्य सुटतो म्हणायचे आणि एरवी त्यांची सावली टाळायची. पर्वकाळाचे पुण्य एकाच्या पदरी जाई आणि जुने कपडे, मूठभर धान्य दुसऱ्याच्या.

यात्रेकरू आणि आजचा पर्यटक यांच्यात एक मूलभूत फरक आहे. यात्रेकरू सूर्याकडे पाहत नव्हता. ग्रहण खग्रास असो की सूर्याचा एखादा कोपराच झाकलेला असो, त्याचे काम पाण्यात होते. आकाश ढगाळले तरी त्याचे काही अडत नव्हते. तो निराश होऊन परतल्याचे कोणी ऐकले नसेल. पर्यटकाचे तसे नाही. एक ढग त्याची सगळी मोहीम पाण्यात घालू शकतो. म्हणूनच आजच्या सहलीत आकाशाच्या जोडीला जमिनीवरचे काय दाखवले जाते, याला महत्त्व येते.

गोदाकाठचे गणित

नदीकाठी नुसते स्नान नव्हते, गणितही होते. भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ ११५० सालचा. त्यांचे गाव विज्जलविड म्हणजे आपले बीड, असा तर्क पूर्वी केला गेला. पाटणच्या शिलालेखामुळे आता पाटणची बाजू जड मानतात. पण बीडला वाद घालायची गरज नाही, कारण शेजारचा गोदाकाठ ज्योतिषांनी भरलेला आहे. माजलगावपासून जवळच, परभणी जिल्ह्यात असलेल्या पाथरीला, म्हणजे जुन्या पार्थपुराला, ज्ञानराजांनी १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ रचला. पाथरीच्याच परिसरातल्या गोलग्रामच्या दिवाकर दैवज्ञांचे घराणे पुढे काशीला गेले आणि त्या वंशातल्या कमलाकरांनी तिथे १६५८ मध्ये ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ लिहिला. दिवाकरांचे गुरू गणेश दैवज्ञ हे कोकणातल्या नांदगावचे. त्यांच्या १५२० च्या ‘ग्रहलाघवा’ने पंचांगाचे गणित इतके सोपे केले की कित्येक पिढ्यांच्या जोशांनी स्पर्श, मध्य, मोक्ष त्याच्याच आधाराने काढले.

या लोकांना ग्रहण कशाने होते हे पक्के ठाऊक होते. चंद्र सूर्याच्या आड येतो, पृथ्वीची सावली चंद्रावर पडते. तरी पुराणातला राहू त्यांनी हाकलला नाही. ब्रह्मदेवाच्या वराने राहू त्या सावलीत शिरतो, अशी तडजोड भास्कराचार्यांनी सांगितली. ज्ञानराजांनी तर पुराणे आणि सिद्धान्त यांची सांगड घालणे हेच आपले काम मानले. आज सहलीच्या बसमध्ये शेजारी शेजारी बसलेली आजी आणि अभियंता नात याच जुन्या तडजोडीवर प्रवास करतात.

सावली बीडवरून गेली, दुर्बीण जेऊरला थांबली

शास्त्रीय प्रवासाचा अध्याय आपल्याकडे १८६८ ला उघडतो. १८ ऑगस्टच्या खग्रास ग्रहणाचा पट्टा विजापूर, जमखंडीवरून गुंटूरकडे गेला. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जानसेन होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट ग्रहण सुटल्यावरही पाहता येतो, हे त्यांनी तिथे ओळखले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून ग्रहणाशिवायच तो पाहिला. त्यातल्या अनोळखी पिवळ्या रेषेतून हेलियम पुढे आला. विजयदुर्गावर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो आणि लॉकियर यांनी हेलियम तिथेच शोधला असे पाहुण्यांना सांगितले जाते. लॉकियर विजयदुर्गाला आले हे खरे, पण १८९८ साली; १८६८ ला ते मायदेशीच होते. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ दाखवताना वाटाड्याने हा तीस वर्षांचा फरक सांगितला तर गोष्टीची गोडी कमी होत नाही.

बीडच्या दृष्टीने महत्त्वाचे ग्रहण ते हेच दुसरे. २२ जानेवारी १८९८ च्या दुपारी सावली कोकण किनाऱ्यावर चढली आणि ईशान्येला विदर्भाकडे, पुढे बक्सरकडे गेली. विजयदुर्गाला लॉकियर यांच्या दिमतीला युद्धनौकेचे खलाशी होते. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल आले. तिथेच पुण्याच्या सायन्स कॉलेजातल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी आपला तळ ठोकला. एका भारतीय शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालची ती मोहीम होती. वर्ध्याजवळच्या पुलगावला आणि धामणगावलगतच्या तळणीला आणखी इंग्रज मंडळी होती. तळणीच्या मंडळींत ॲनी माँडर होत्या आणि सूर्याच्या प्रभामंडळाचा एक लांबच लांब झोत त्यांनी छायाचित्रात पकडला. त्या ज्या ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनकडून आल्या होत्या ती हौशी लोकांची संस्था. बोटीने मुंबईला उतरून, रेल्वेने देश पाहत, ग्रहण टिपून परत गेल्यावर संस्थेने मोहिमेचे पुस्तकही काढले. मार्गदर्शकांसह निघालेली ग्रहणाची सांस्कृतिक सहल महाराष्ट्राने तेव्हाच पाहिली होती, आणि मुंबई-पुण्यात प्लेगचा कहर चालू असताना पाहिली होती.

आता नकाशावर जेऊर आणि पुलगाव पट्टीने जोडावे. रेषा बीड जिल्ह्याच्या मधोमध जाते आणि माजलगावच्या आसपास गोदावरी ओलांडते. म्हणजे त्या दुपारी सुमारे दोन मिनिटांचा अंधार निजामाच्या राज्यातल्या या जिल्ह्यावरही पडला. पण मोठ्या मोहिमांचे तळ पडले ते बंदरावर किंवा रुळांच्या कडेला. जेऊर मुंबई-रायचूर मार्गावर, तळणी आणि पुलगाव नागपूर मार्गावर. मणामणाच्या दुर्बिणी, काचेच्या पट्ट्या, तंबू घेऊन जाणाऱ्याला स्टेशन लागते, आणि बीडला ते नव्हते. सावली कुठे पडते हे आकाश ठरवते, पण ती कोण पाहणार हे वाट ठरवते. अहिल्यानगरहून बीड शहरापर्यंत रेल्वे धावली ती सप्टेंबर २०२५ मध्ये.

खिडक्या बंद करण्यापासून बस भरण्यापर्यंत

१६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास ग्रहण बीडकरांना तसे हाकेच्या अंतरावर होते. कारवार, गदग, रायचूर या वाटेने ते हैदराबादच्या बाजूने कोणार्ककडे गेले. हैदराबादजवळच्या जपाल-रंगापूर वेधशाळेत शास्त्रज्ञ जमले. महाराष्ट्रात मात्र बहुतेकांनी दारे-खिडक्या लावून घेतल्या आणि शहरांतले रस्ते ओस पडले. डोळे जातील ही भीती अगदीच खोटी नव्हती, पण उपाय चुकीचा होता.

पुढच्या पंधरा वर्षांत हवा पालटली. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करत होतीच. १९८६ च्या हॅलेच्या धूमकेतूच्या सुमारास मुंबईत खगोल मंडळ आणि कल्याणला आकाशमित्र मंडळ उभे राहिले. डॉ. जयंत नारळीकरांचे लेखन घरोघर वाचले जात होते. २४ ऑक्टोबर १९९५ ला, ऐन दिवाळीत, सावली राजस्थानातून फत्तेपूर सिक्री, आग्र्याच्या बाजूने बंगालकडे गेली. खग्रास अवस्था जेमतेम मिनिटभराची होती, पण दूरदर्शनने ती थेट दाखवली आणि महाराष्ट्रातल्या हौशी मंडळींनी उत्तरेची गाडी धरली. फराळाचे डबे घेऊन ग्रहण पाहायला जाणारी मराठी कुटुंबे ही त्या वर्षाची नवलाई.

त्यानंतर सहलींना ढगांची किंमत कळली. ११ ऑगस्ट १९९९ ला कच्छमध्ये आणि २२ जुलै २००९ ला सुरतेपासून बिहारच्या तारेगनापर्यंत पावसाळी आभाळाने हजारो लोकांची निराशा केली. २००९ चे ग्रहण एकविसाव्या शतकातले सर्वांत दीर्घ होते. तेव्हा ढगांवरून ते पाहण्यासाठी दिल्लीहून खास विमान निघाले आणि सूर्याच्या बाजूच्या खिडकीला जास्त भाडे पडले. सहा महिन्यांनी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारी २०१० ला कंकणाकृती, म्हणजे सूर्याची कडा बांगडीसारखी उरणारे, ग्रहण कन्याकुमारी-रामेश्वरावरून गेले. हिवाळ्याचे निवळ आभाळ, समुद्र आणि रामेश्वर. ज्यांच्या घरात काशी-रामेश्वराची यात्रा पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते त्यांना ही सहल समजावून सांगावी लागली नाही. यात्रेकरू आणि आकाशप्रेमी एका बसमध्ये बसण्याचा तो चांगला नमुना.

२६ डिसेंबर २०१९ चे कंकण कासरगोड, कोइम्बतूरकडे दिसले. ती मार्गशीर्ष अमावास्या, म्हणजे लातूर-धाराशिवकडची आणि त्यांना लागून असलेल्या बीडच्या भागातली वेळ अमावास्या. भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे घेऊन शेतात जायची तिथी. केरळला जावे की शेतात, असा प्रश्न ज्याच्यापुढे असतो त्याला सहल कंपनीचे माहितीपत्रक पुरत नाही. सूर्यग्रहण अमावास्येलाच होते आणि मराठी वर्षाच्या बहुतेक अमावास्यांना काही ना काही असतेच. दिवाळी, पोळा, सर्वपित्री, वेळ अमावास्या. २१ जून २०२० चे कुरुक्षेत्रावरून गेलेले कंकण तर महासाथीच्या निर्बंधांत घरूनच पाहावे लागले. तेव्हा इस्लामपूरला एका गर्भवतीने महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) सोबतीने भाजी चिरणे, फळे कापणे अशी ‘निषिद्ध’ कामे करत ते ग्रहण पाहिले. पुढे बाळ सुखरूप जन्मले. ऊसतोडीच्या कोयत्यावर जाणाऱ्या बीडच्या बायकांना कोणत्या अमावास्येला कोयता खाली ठेवायची सवलत मिळते, हा प्रश्न या निषेधांना विचारून पाहण्यासारखा आहे.

आजची सहल : काय विकत घेतो आपण?

करमणुकीसाठी आखलेल्या ग्रहण-सहलींची आधुनिक सुरुवात बहुधा १९७२ च्या एका जहाजापासून धरतात. अमेरिकेतून निघालेल्या त्या जहाजावर व्याख्याने होती आणि मधोमध अटलांटिकवरचे ग्रहण होते. आपल्याकडे ‘केसरी’ने १९८४ पासून आणि ‘वीणा वर्ल्ड’ने २०१३ पासून मराठी टूर मॅनेजर, मराठी जेवण, मराठी गप्पा हा साचा रुजवला. हौशी मंडळांच्या सहलींत ज्ञान जास्त आणि सोय कमी असते, कंपन्यांच्या सहलींत बरेचदा उलटे. ग्रहणाची चांगली सहल या दोहोंच्या मधली हवी.

पैसे देण्याआधी काही गोष्टी तपासाव्यात. पहिली, थांबण्याची जागा खग्रास पट्ट्याच्या मध्यरेषेपासून किती दूर आहे. पट्ट्याच्या काठावर मिनिटांचे सेकंद होतात, आणि पट्ट्याबाहेर ९९ टक्के झाकलेला सूर्य हाही खग्रास नव्हे. प्रभामंडळ, हिऱ्याची अंगठी, भरदिवसा दिसणारा शुक्र हे सारे शेवटच्या टक्क्यातच असते. दुसरी, ढग आले तर बस हलवायची तयारी आहे का. ग्रहणाच्या सकाळी हवामान पाहून शंभर किलोमीटर सरकणारा टूर मॅनेजर कंपनीच्या पंचतारांकित हॉटेलाहून मोलाचा. तिसरी, प्रमाणित ग्रहण-चष्मे मिळतात का आणि ते केव्हा काढायचे, केव्हा पुन्हा लावायचे हे सांगणारा जाणता माणूस सोबत आहे का. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, साधा गॉगल यांनी डोळा वाचत नाही.

चौथी गोष्ट बहुतेक जण विचारत नाहीत : ज्या देशात जातो तिथले लोक ग्रहणाच्या वेळी स्वतः काय करतात, हे सहलीत आहे का? बहुतेक सहलींत ‘संस्कृती’ म्हणजे आदल्या रात्रीचा नाच आणि दुसऱ्या दिवशीचे संग्रहालय. ग्रहणाशी त्यांचा काही संबंध नसतो. तारीख बदलली तरी तेच दाखवता येईल. मुस्लिम देशांत ग्रहणाच्या वेळी मशिदीत खास नमाज होते. प्रेषितांच्या लहानग्या मुलाच्या मृत्यूच्या दिवशी ग्रहण लागले तेव्हा, सूर्य-चंद्र कुणाच्या जन्म-मृत्यूसाठी ग्रासले जात नाहीत, असे त्यांनी सांगितल्याची परंपरा आहे. बीडच्या मुसलमान घरांत ही गोष्ट माहीत असते; त्याच बीडमधून २०२७ च्या ग्रहणासाठी इजिप्तला निघालेल्या हिंदू सहप्रवाशाला ती कुणी सांगत नाही. खरी सांस्कृतिक सहल इथे सुरू व्हायला हवी.

बसच्या आतही एक संस्कृती असते. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात, म्हणजे वेध पाळणारे बारा तास जेवत नाहीत. न पाळणारे त्याच वेळी सँडविच काढतात. अंनिसचा कार्यकर्ता आणि जपमाळ घेतलेले काका एकाच रांगेत बसलेले असतात. शहाणा टूर मॅनेजर दोघांचे जेवण वेगवेगळ्या वेळी लावतो आणि वाद ग्रहण सुटेपर्यंत लांबवतो. पंचांगकर्ते दा. कृ. सोमण वर्षानुवर्षे एका हाताने पंचांगाचे गणित सांगतात आणि दुसऱ्या हाताने ग्रहणाची भीती घालवतात. सहलीला अशा स्वभावाचा मार्गदर्शक मिळाला तर उत्तम.

उरला पैसा. परदेशी सहल लाखांच्या घरात जाते; पट्ट्यातल्या हॉटेलांचे भाव दोन-तीन वर्षे आधीच चढतात. ज्यांचे कोणी तिथे आहे ते घरचा पाहुणचार घेतात. ८ एप्रिल २०२४ ला सावली मेक्सिकोतून टेक्सास, ओहायो, न्यूयॉर्क राज्याकडे गेली, तेव्हा अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांनी गाड्या काढून पट्टा गाठला. इथे आकाशाचा एक जमाखर्च लक्षात घेण्यासारखा आहे. १८ वर्षे, सुमारे ११ दिवस आणि ८ तासांनी त्याच कुळातले पुढचे ग्रहण होते. याला सारोस म्हणतात. त्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून सावली दर वेळी जगाच्या दुसऱ्याच भागावर पडते. १८९८ च्या जानेवारीत बीडवरून गेलेल्या ग्रहणाचे कूळ सात पायऱ्या उतरून २०२४ ला अमेरिकेत पोहोचले. माजलगावातून डॅलसला गेलेल्या मुलाने पाहिलेली सावली त्याच्या गावावरून आधी गेलेल्या सावलीची थेट वंशज होती.

२ ऑगस्ट २०२७

सुरतेच्या २००९ च्या ग्रहणाचे कूळ याच हिशेबाने २ ऑगस्ट २०२७ ला परत येते. त्या दिवशी सावली स्पेनच्या दक्षिण टोकावरून, उत्तर आफ्रिकेतून, इजिप्त आणि मक्केवरून जाईल. इजिप्तमधल्या लक्सरजवळ खग्रास अवस्था सहा मिनिटांहून जास्त टिकेल, आणि ऑगस्टमधल्या तिथल्या आकाशात ढग जवळजवळ नसतातच. जगभरच्या सहल कंपन्यांनी या तारखेवर डोळा ठेवला आहे तो यामुळे. एका बाजूला कर्नाकची मंदिरे, राजांच्या दरीतली थडगी, दुसऱ्या बाजूला चाळिशीपार तापमान.

पण ही तारीख मराठी पंचांगातही कोरडी नाही. त्या दिवशी आषाढी अमावास्या आहे, म्हणजे दिव्यांची अवस. वार सोमवार, म्हणजे सोमवती. आणि नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचे पहिले अमृतस्नान याच दिवसाला जाहीर झाले आहे. महाराष्ट्रातून ग्रहण दुपारनंतर खंडग्रास दिसेल, अर्थात ढगांनी दिसू दिले तर. म्हणजे एकाच तिथीला मराठी माणसांचा एक लोंढा गोदावरीकडे जाईल, दुसरा छोटा गट नाईलकडे. परळी वैजनाथला सोमवतीची गर्दी वेगळीच. पर्वस्नानाचा प्रवास संपला आणि ग्रहणाचे पर्यटन सुरू झाले, असे सरळसोट मांडणाऱ्याला हा दिवस अडवतो. दोन्ही प्रवास चालूच आहेत, आणि माणसांच्या संख्येत जुना प्रवास आजही कितीतरी मोठा आहे. भारताच्या भूमीवर पुढची खग्रास सावली २० मार्च २०३४ ला, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, पार उत्तरेला काश्मीर-लडाखकडे आहे.

बीडने काय करावे

जिल्ह्याला सावली आणता येणार नाही, पण गोष्ट त्याच्याकडे आहे. ग्रहणाच्या राहूला जन्म देणारी समुद्रमंथनाची कथा या पट्ट्यात नकाशासारखी पसरलेली आहे. मोहिनीने अमृत वाटले ते नेवाशाला, तिथे मोहिनीराजाचे मंदिर आहे. राहूचे शिर उडाले ते राहुरीला आणि धड पडले ते कायगावला, असे लोक सांगतात. अमृत आणि धन्वंतरी शिवलिंगात दडवले ते परळीला, म्हणून तिथे भाविक पिंडीला हात लावून दर्शन घेतात. त्याच वाटेवर पाथरीच्या ज्ञानराजांचे गणित, बीडचे पाण्यातले कंकालेश्वर, आणि अंबाजोगाईला योगेश्वरी, आद्यकवी मुकुंदराजांची समाधी, हत्तीखान्याची लेणी आणि दासोपंतांची हातांनी लिहिलेली लांबलचक पासोडी. नेवाशापासून परळीपर्यंत दोन-तीन दिवसांची ही सहल कुठल्याही खंडग्रास ग्रहणाला निघू शकते. मंदिरात कथा, काठावर स्नान करणारे लोक, मोकळ्या माळावर चष्मे आणि पुठ्ठ्याला भोक पाडून कागदावर पाडलेले सूर्याचे बिंब, आणि संध्याकाळी १८९८ ची हकिकत. पर्जन्यछायेतला जिल्हा असल्याने पावसाळ्यातही इथे आभाळ फाकण्याची आशा असते.

अशा सहलीला पंचतारांकित काही लागत नाही. लागतो तो वाटाडा. पुराणकथा हसण्यावारी न नेणारा आणि ती विज्ञान म्हणूनही न खपवणारा, आरोळीमागची जात न लपवणारा, विजयदुर्गाचे साल बरोबर सांगणारा. असे दहा-वीस वाटाडे तयार करणे हे जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या भूगोल, इतिहास आणि भौतिकशास्त्र विभागांना एकत्र येऊन जमण्यासारखे काम आहे, आणि सिंहस्थाच्या निमित्ताने त्यासाठी मागणीही तयार होणार आहे. पर्यटनाचा पैसा हॉटेलाच्या मालकापर्यंतच थांबू नये असे वाटत असेल, तर तो आधी वाटाड्यापर्यंत पोहोचला पाहिजे.

ज्याला परवडते त्याने लक्सरला अवश्य जावे. सहा मिनिटांचा खग्रास सूर्य जन्मात एकदाही दिसला तर पैसे वसूल. पण ग्रहणाच्या सहलीचे मोल त्या सहा मिनिटांवर लावले तर ढगाळ दिवशी ते शून्य होते, आणि शून्य होऊ द्यायचे नसेल तर उरलेले सगळे दिवस ग्रहणाशी जोडलेले असले पाहिजेत. हा निकष लावला तर नेवासे-परळीची एसटीने केलेली खंडग्रास सहल, ग्रहणाशी संबंध नसलेल्या नाचगाण्यांनी भरलेल्या महागड्या परदेशवारीपेक्षा उजवी ठरते.